देवरामची घोटी

आमची कंपनी काश्मीरमधल्या बर्फाच्या चौकीवर गेली तेव्हा मी नायक होतो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. लान्स नायक देवराम लांजेवार माझ्यासोबत होता. तो लाखांदूरकडचा, मी साकोलीचा. अख्ख्या कंपनीत भंडारा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. बाकीचे सातारा-कोल्हापूरकडचे. आम्ही तोंड उघडलं की ते हसायचे. हसा म्हणावं, आमचं काय जातं!

आधी बिडीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. देवराम बिड्या फार ओढायचा. रात्रंदिवस खोकायचा. त्याची बायको शेवंता सांगून सांगून थकली. शेवटी तो सुट्टी संपवून निघाला, तेव्हा तिने त्याच्या हातात लाकडाचा एक तुकडा ठेवला. तेंदूच्या लाकडाचा काळा गाभा. आमच्याकडे तेंदूच्या पानात बिडी वळतात. म्हणजे पानाने माणूस बिघडवला, तर गाभ्याने सुधारायचा, असा तिचा हिशेब. गावच्या सुताराकडून तिने तो कबुतराच्या अंड्याएवढा, चपटा कापून घेतला होता. एका अंगाला अंगठ्यापुरता खळगा. मग सागाच्या खरबरीत पानाने तिने स्वतः तो घासला. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल त्याला पाजलं. घोटून घोटून केली म्हणून ती घोटी.

"तलफ आली का हे फिरवजा," ती त्याला म्हणाली होती. "वापस आले का पाहीन मी. चमकत असन तं समजन, बिडी सोडली."

आणि देवरामने सोडली. मी साक्षीदार आहे. जेवण झालं की घोटी, पहाऱ्यावर घोटी, साहेबांची बोलणी खाताना पाठीमागे हातात घोटी. डॉक्टर साहेब म्हणायचे, थंडीत बोटं हलती ठेवा. देवरामला वेगळं सांगावं लागलं नाही.

घोटीची निगा तो रायफलीपेक्षा जास्त राखायचा. ओल लागू द्यायची नाही. बुखारीजवळ, म्हणजे पेटत्या शेगडीजवळ, न्यायची नाही, नाहीतर लाकूड तडकतं. आठवड्यातून एकदा बोटाच्या टोकाने तेल लावायचं आणि फडक्याने पुसून घ्यायचं. जास्त चोपडलं की चिकट होते. बाकीचं काम हाताचा घाम करतो. पण त्या थंडीत टोरीचं तेल तुपासारखं थिजायचं. हा गडी बाटली काखेत धरून बसायचा. एकदा मला दया आली आणि मी घोटीला रायफलचं तेल लावून दिलं.

"अबे गोविंदा, काहून हात लावला बे?" तो भडकला. "बायको वास घेईन ना! घासलेट पिऊन आला म्हणन मले!"

 दोन दिवस रागातच घोटी पुसत बसला.

देवराम रेडिओ सांभाळायचा. थंडीत श्वासाची वाफ माउथपीसवर गोठायची, बोललेलं समजायचं नाही. मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. बोलायची कळ दाबायची आणि घोटीने हँडसेटवर दोनदा ठोकायचं. टक टक. म्हणजे ठीक आहे. सुभेदार साहेब एकदा ओरडले, हा काय पोरखेळ आहे! पण ठोके स्पष्ट ऐकू यायचे. नंतर त्यांनीही कान दिला.

त्या दिवशी सकाळी खालच्या चौकीची टेलिफोन लाइन तुटली. चार जणांची पार्टी निघाली. रेडिओ देवरामच्या पाठीवर. मी चौकीत सेटवर बसलो. चौकी म्हणजे वन, पार्टी म्हणजे टू. ऊन पडलं होतं. दुपारच्या आत आवाज आला.

"टू फॉर वन. लाइन जोडली. वापस येऊन राहिलो. ओव्हर."

"वन. चहा ठेवू का? ओव्हर."

टक टक.

मी चहा ठेवायला सांगितला. तेवढ्यात वरच्या धारेवरून आवाज झाला. बर्फ सुटला होता. चौकीच्या दारातून खाली चार माणसं दिसत होती तिथे पांढरा धूर उठला. धूर बसला तेव्हा तिघं दिसले. ते बाजूला फेकले गेले होते. देवराम दिसत नव्हता.

"वन फॉर टू. वन फॉर टू. ओव्हर."

काही नाही. परत बोलावलं. काही नाही. मग सेटमध्ये खरखर झाली.

टक टक.

"साहेब! देवराम आहे!"

सुभेदार साहेब दारातच होते. "काय म्हणतो?"

"ठीक आहे म्हणतो, साहेब."

माझ्या तोंडून हेच निघालं. दुसरं काय सांगणार? मदत पाहिजे असली तर किती ठोके द्यायचे, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. त्याच्याजवळ पाठवायला तेवढंच होतं.

"सगळे फावडे घ्या. पळा!" साहेबांनी हुकूम दिला. मी उठलो. "तू नाही. सेट सोडायचा नाही. त्याच्याशी बोलत राहा."

मी बसलो. हुकूम होता. पार्टी उतारावरून खाली गेली आणि मी बोलत राहिलो. "टू, ऐकतोय. पार्टी येऊन राहिली. ठोकत राहा. ओव्हर." टक टक. "देवराम, शेवंता घोटी पाहीन ना रे. हिंमत सोडू नको. ओव्हर." टक टक. मधलं अंतर वाढत गेलं. मी गावच्या तलावाचं बोललो, धानाचं बोललो. काय काय बोललो देव जाणे. फावड्यांचे आवाज वरपर्यंत येत होते.

मग टक. एकच.

मी दुसऱ्याची वाट पाहत राहिलो. साहेबांनी परत येऊन माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला, तोपर्यंत वाट पाहिली.

त्याला काढलं तेव्हा घोटी मुठीत होती. अंगठा खळग्यातच होता. मूठ सोडवायला वेळ लागला.

रस्ता बंद होता, म्हणून अग्नी तिकडेच दिला. अस्थी पोचवायला मला पाठवलं. लाखांदूरला एसटीतून उतरलो, पुढे बांधाबांधाने चालत गेलो. शेवंता ओसरीवर बसली होती. अस्थींकडे तिला बघवेना. मी घोटी पुढे केली. तिने ती उजेडात धरली, उलटीपालटी करून पाहिली.

"चमकून राहिली," ती म्हणाली. "सोडली होती भाऊजी त्यायनं बिडी." आणि मग ती जी रडली, ते मला आजही ऐकू येतं.

ठोक्यांचं मी तिला सगळं सांगितलं. तिचा हक्क होता तो.

पुढे सुट्टीवर आलो की मी तिच्याकडे जायचो. एका वैशाखात पाहिलं, तर घोटी राखेसारखी फिकी पडलेली, खळग्याजवळ केसाएवढी चीर. तिने तेल लावलंच नव्हतं.

"वहिनी, तेल लावा. नाहीतर फुटन."

"तेल लावलं का पुसा लागते, भाऊजी. त्यायचा हात पुसल्या जाईन."

 निगा कशी राखायची हे मला ठाऊक होतं, तरी मी घोटी तशीच तिच्या हातात परत दिली. चहा झाला. मी निघालो. दारात वळून विचारलं, "बरं हाय ना, वहिनी?"

 मुठीतली घोटी तिने दाराच्या चौकटीवर ठोकली.

टक टक.

लान्स नायक देवराम लांजेवार बर्फाखालून मरतानाही 'ठीक आहे' हेच सांगत होता. ते दोन ठोके मला समजले. मी पिशवी खाली ठेवली आणि ओसरीवर परत बसलो.