आवाज येतोय ना?

घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे पाचमिनिटवाले म्हणत. दारात चपला काढता काढताच तो सांगायचा, "पाच मिनिटांचं काम आहे," आणि बहुतेकदा ते तेवढ्यात व्हायचंही. जे व्हायचं नाही, त्यासाठी त्याच्याकडे एक ठरलेला प्रश्न होता. व्हिडिओ अडकत असो, चित्र फाटत असो, पडदा काळा पडत असो, तो विचारायचा, "आवाज येतोय ना?" येतोय म्हटलं की निकाल तयार. "मग मशीन ठणठणीत आहे. तुमची फाइलच खराब." मशीन त्याच्या हातातलं, फाइल गिऱ्हाइकाची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण एवढ्या वर्षांत कुणी उलट विचारलं नव्हतं.

मग एका रविवारी त्याच्याच घरचा कॉम्प्युटर अडला. लेकीच्या पोहण्याच्या शर्यतीचा व्हिडिओ लावला, तर शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा सगळं ऐकू येत होतं आणि पडद्यावर नुसता हिरवा रंग.

"आवाज येतोय ना?" बायको म्हणाली. "मग फाइल खराब. चला, जेवायला बसा."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. तो जेवायला उठला नाही. फाइल बायकोच्या लॅपटॉपवर लावून पाहिली, तिथे ती झकास चालली. म्हणजे फाइल निर्दोष. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा घातला, जुना घातला, मशीन चारदा बंद-चालू केलं. तीन तासांनी कळलं, घोडं कुठं पेंड खातंय ते. व्हिडिओचं चित्र उलगडण्याचं काम प्लेअर ग्राफिक्स कार्डावर टाकत होता आणि ते जुनं कार्ड त्यात गडबडत होतं. सेटिंगमधल्या एका चौकोनातली बरोबरची खूण त्याने काढली, आणि हिरव्याच्या जागी निळं पाणी आलं. लेक उड्या मारायला लागली.

त्याला मात्र दुसरंच काही आठवलं. हाच हिरवा रंग त्याने आधी एकदा पाहिला होता, ग्रंथपाल काकूंच्या घरी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काकूंचे यजमान जाऊन महिनाच झाला होता. आपण फार दिवसांचे सोबती नाही हे कळल्यावर, काकू वाचनालयात गेलेल्या असताना, त्यांनी स्वयंपाकघरात कॅमेरा ठेवून स्वतःचं चित्रण केलं होतं. गळक्या नळाचं वॉशर कसं बदलायचं, ते बायकोला दाखवण्यासाठी. त्या घरातला त्यांचा तेवढाच एक व्हिडिओ. तो लावला तर आवाज स्वच्छ आणि चित्र हिरवंगार. पाचमिनिटवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचा निकाल दिला आणि वर म्हणाला, "ठेवून उपयोग नाही, काकू. काढून टाकलीत तरी चालेल." उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसऱ्या मशीनवर लावून पाहण्याचेही कष्ट त्याने घेतले नव्हते. लेकीसाठी तीन तास, आणि त्या बाईसाठी पाच मिनिटं. त्याला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सकाळी तो काकूंच्या दारात उभा राहिला. भिंतीला हात लावत लावत त्या आल्या.

"कोण?"

"मी, कॉम्प्युटरवाला."

"पाच मिनिटं होय! ये."

"काकू, तो व्हिडिओ... काढून टाकलात का?"

"टाकेन कशी? रोज ऐकते. 'हे बघ, असं फिरवायचं. असं नाही, असं.' काय असं, ते देवाला ठाऊक."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो झटकन मशीनपाशी बसला. तेच सेटिंग, तोच चौकोन. खूण काढली आणि व्हिडिओ लावला. बेसिनपाशी एक किडकिडीत गृहस्थ पाना हातात घेऊन उभे होते.

"आलं, काकू! चित्र आलं! बघा!"

काकूंनी मान जराशी तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. "उजेड हलतोय खरा," त्या म्हणाल्या. "डोळ्यांचा मधला भाग गेला रे माझा, वर्ष झालं. कडेकडेचं दिसतं. माणसाचा चेहरा नाही दिसत."

त्याने व्हिडिओ थांबवला. वर्ष झालं, म्हणजे पहिलं एक वर्ष त्या रोज पाहू शकल्या असत्या.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तेव्हा ही युक्ती निघाली नसेल."

केवढी सोपी पळवाट! नुसतं हो म्हणायचं होतं. कुणाला कधी कळलं नसतं.

"निघाली होती, काकू," तो म्हणाला. "मी शोधली नाही. मला पुढच्या घरी जायचं होतं."

काकूंनी चाचपत खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"पहिल्यापासून लाव. आणि दिसेल ते सांग. गाळायचं नाही काही."

तो सांगू लागला. अंगात राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर आहे. दाढी वाढलीय. पाण्याचा वरचा कॉक बंद केला. पाना डावीकडे फिरवताहेत. काकू मान डोलवत होत्या. पुढचं वाक्य त्या यजमानांच्या आधीच पुटपुटत.

मधेच यजमान गप्प झाले. नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज.

"इथे," काकू म्हणाल्या, "इथे ते नेहमी थांबतात. काय करतात?"

पाचमिनिटवाल्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याची जीभ अडखळली. पण या घरात एकदा खोटं बोलून झालं होतं.

"रडताहेत, काकू. बेसिनला धरून उभे आहेत. खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसताहेत. आता कॅमेऱ्याकडे बघून हसले."

"हे बघ," यजमान म्हणाले, "हे जुनं वॉशर."

काकूंनी पडद्यावर हात ठेवला.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "वॉशर शोधताहेत."