शाळा सोडून सारं शहर

चुलतबहिणीच्या लग्नाला दिग्रसची मंडळी नागपुरात आली. मी तिथल्या कॉन्व्हेंटात शिकत होते, म्हणून शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तेलंगखेडीचा तलाव झाला, शून्य मैलाचा दगडही झाला.

"दगडच पाहाचे तं दिग्रसले का कमी हायेत?" आत्या हसली. "मले तुही शाळा दाखव."

"आज बंद आहे," मी म्हटलं. शाळा चालू होती. नऊवारीतली आत्या मैत्रिणींना दिसू नये, एवढंच मला हवं होतं.

परतीच्या बसपाशी तिनं पदराची गाठ सोडली आणि हळदकुंकवाची पुडी माझ्या हातावर ठेवली.

"शाळेच्या उंबरठ्याले लावजो बाई. सरस्वतीचं घर हाय थे."

दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर मैत्रिणी उभ्या होत्या. पुडी दप्तरातच राहिली.