शुक्रवारची सवाष्ण

नोकरी बदलायची म्हणून मी प्रोग्रॅमिंग शिकत होते. आमच्या नेरूळच्या घरात त्याला सगळे ‘क्लास’ म्हणत. क्लास म्हणजे बेडरूमचा कोपरा, शेजारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. दिवसभर पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बिलं काढायची, घरी येऊन कुकर लावायचा आणि मग लॅपटॉप उघडायचा. तेवढा वेळ माझ्या लहान मुलाला सासूबाई खाली बागेत नेत, तेही कुरकुर न करता. माझी खरी गोची इथंच होती. त्यांनी एकदा जरी नाक मुरडलं असतं तर मी भांडले असते. भांडायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

श्रावणात एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा आली, शुक्रवारी दुपारी एक वाजता. पास झाले तर मुलाखत, आणि मुलाखत म्हणजे त्या बिलांतून सुटका. इतके अर्ज करून पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मी रजा टाकली आणि घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे शुक्रवारी तू घरीच हायेस की.”

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी त्या बागेतून आल्या त्या बातमी घेऊनच. “खालच्या काकूंना जिवतीच्या पूजेला लेकुरवाळी सवाष्ण पायजे. मी तुझं नाव सांगितलं.”

“आई, उद्या परीक्षा आहे माझी.”

“ती घरातच हाय न्हवं? काकू लवकर वाढनार हायेत.”

सवाष्णीच्या जेवणाला नाही म्हणायचं नसतं, त्यातून मुलाबाळांसाठीची पूजा. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “जेवून ये ना, अर्ध्या तासाचं काम.” याला जन्मात कुणी सवाष्ण म्हणून पाटावर बसवलेलं नाही, अर्धा तास म्हणायला याचं काय जातं?

काकूंकडे पूजा झालेली होती, पुरणाचा वास सुटला होता, पण दुसरी सवाष्ण यायची होती. ती काकूंची भाची, उरणहून येणारी. तिची गाडी चुकली होती. “दोघींना एकदमच वाढते,” काकू म्हणाल्या. मी दोनदा सांगितलं, मला घाई आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “रोजचीच घाई असते गं तुम्हाला. आज निवांत जेव.” इतक्या मायेनं मला कित्येक महिन्यांत कुणी जेव म्हटलं नव्हतं, आणि मला रागानं रडू येत होतं.

भाची घामाघूम होऊन आली तेव्हा पाऊण वाजून गेला होता. मग पाय धुणं, हळदीकुंकू, ओटी, आणि मग पानं. मी भराभरा गिळलं. भाची बिचारी दमलेली, सावकाश जेवत होती, आणि तिचं होईपर्यंत मला पानावरून उठता येत नव्हतं. परीक्षेला बसायची मुदत सव्वा वाजेपर्यंत होती. समोरच्या घड्याळात सव्वा वाजला, तो टळूनही गेला. काकूंनी तूप वाढत विचारलं, “अजून एक पोळी?” मी हो म्हटलं. आता घाई कशाची होती?

खायचं ते खाल्लं, पण जिना चढताना आतून पेटले होते. आज सासूबाईंना तोंडावर सांगायचं, काय वाटोळं केलंत ते, असं ठरवूनच दार ढकललं.

घर चिडीचूप होतं. टीव्ही बंद, पडदे ओढलेले, मुलगा त्यांच्या मांडीवर झोपलेला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “तुजा लॅपटॉप चार्जिंगला लावलाय,” त्या कुजबुजल्या. “शेजारी सांगून आलेय, दोन तास बेल वाजवू नका म्हनून. बस आता निवांत. दे परीक्षा.”

घरात बसून द्यायची परीक्षा आपण बसू तेव्हा सुरू होते, असं त्यांना वाटत होतं.

मी ओटीचे तांदूळ डब्यात ओतले आणि आत गेले. परीक्षेचं पान उघडलं, मुदत संपली असं त्यावर आलं. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर त्या भिंतीला टेकून, पोराला थोपटत, राखणीला बसल्या होत्या. मी उठले असते तर सगळं सांगावं लागलं असतं. मी बसून राहिले. दोन तास कीबोर्डवर काहीबाही टाइप करत होते, त्यांना आवाज ऐकू जावा म्हणून.

“कसा गेला पेपर?” त्यांनी विचारलं.

“बरा गेला.”

“जाईल न्हाय तर काय. पास झालीस की पुढच्या वर्षी आपन घालू सवाष्ण.”