पुस्तकातला केशव

सुमनताई गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. छातीत दुखलं म्हणे. मी आत गेले, टोपी घातली आणि वायरी जोडायला बसले. रडायचीसुद्धा भीती वाटली... कुणी विचारलं असतं, ती तुझी कोण, तर काय सांगायचं? त्याला आता महिना झाला.

ती लातूरकडची. चाकणच्या त्या कंपनीत आम्ही सहा वर्षं शेजारी बसलो. जेवणाच्या सुट्टीत ती पिशवीतून एक जुनी कादंबरी काढून वाचायची. लहानपणीच विधवा झालेल्या मुलीची गोष्ट. घरात पूजाअर्चा अखंड, आणि तीच देवभोळी माणसं त्या पोरीला अंधाऱ्या खोलीत बसवायची. पुढे ताईची नजर कमी झाली आणि वाचायचं माझ्याकडे आलं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे बोट ठेवून वाचायचे. एकदा शब्द आला 'केशवपन'. मी 'केशव पण' असं वाचलं. वाटलं, केशव नावाचा कुणीतरी आहे, तो पण येईल, पोरीला सोडवील. चार दिवस वाट बघून शेवटी विचारलं, हा केशव येणार तरी कधी? ताई इतकी हसली की ताक नाकात गेलं. मग तिनं पुस्तक मिटलं.

"अगं, विधवेचं डोकं भादरायचे, त्याला केशवपन म्हणतेत. केशव बिशव कुणी यायचा न्हाई."

मी म्हणाले, बरं झालं, आता तसलं काही राहिलं नाही.

"वस्तरा गेला गं," ती डबा पुसत म्हणाली. "तुझ्या रेखाच्या बांगड्या कुणी फोडल्या?"

मीच फोडल्या होत्या. जावई गेले तेव्हा माझी रेखा तेवीस वर्षांची. आम्ही माझ्या थोरल्या दिरांच्या घरात वरच्या खोलीत राहतो. दर गुरुवारी सत्संगात ते सांगतात, बाई म्हणजे देवी, आणि रेखाला आरतीच्या ताटाला हात लावू देत नाहीत. दहाव्याला त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी पोरीचा हात धरला. तिनं तो ओढून घेतला नाही... हेच अजून डोळ्यांपुढे येतं.

ताईचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी ती टिकली लावायची. कुणी टोमणा मारला की म्हणायची, ही त्याच्या आधीपासूनची आहे. रेखाला पण लावू दे, असं मला सारखं सांगायची. मी म्हणायचे, भाऊजींनी घराबाहेर काढलं तर जायचं कुठं?  

तिला शेवटचं बघायला गेले तेव्हा तिच्या नणंदेनं टिकली काढून कपाळ पुसून घेतलं होतं. पण टिकलीखालचा तो गोल पांढरट डाग पुसला जात नव्हता. नणंद ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा घासत होती. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

काल मी टिकल्यांचं पाकीट आणून आरशाजवळ ठेवलं. रेखाला काहीच बोलले नाही. आज सकाळी ती शिफ्टला निघाली तेव्हा कपाळावर लाल टिकली होती. खाली भाऊजींची पूजा चालू होती, दार उघडंच होतं. रेखा जिना उतरू लागली. ती दारासमोर आली तशी घंटा थांबली.

मी चप्पल न घालताच तिच्या मागोमाग खाली उतरले.