दोनशे केबीचे मामा

माझी नोकरी शाबूत राहिली ती देऊळगाव राजातल्या माझ्या घरमालकीणबाईंच्या थोरल्या भावामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्यावर थोडा हसणार आहे, वाचणाऱ्याचा गैरसमज नको. गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायचो. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात मोबाईलच्या टॉवरची दया येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे हे मामा. टॉवर हा त्यांच्या लेखी लोखंडाचा नव्हताच, तो उन्हात उभा केलेला एक हमाल होता. शेजारच्या सुनेनं बाळाच्या बारशाचे फोटो माहेरी धाडायला घेतले की मामा पायात चप्पलही न घालता धावायचे. "थांब वं बाई, थांब! किती एमबीचा हाय? आधी काट्यावर ठेव, मंग पाठव!" काटा म्हणजे त्यांचा जुना कॉम्प्युटर. मामांची सगळी नोकरी बाजार समितीच्या वजनकाट्यावर गेली. येणारा ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा आणि भार जास्त असला की ड्रायव्हरशी भांडायचं, हेच आयुष्यभर केलं. नोकरी संपली पण भांडण उरलं होतं, ते त्यांनी फोटोंकडे वळवलं.

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली आणि एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधायला लागलो. तिथं रोपं बघायला आलेल्या बियाणे कंपनीच्या एका साहेबांनी माझे हात पाहिले आणि मला इकडं आणलं. इथं शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं बियाणं तयार करतात. मादीच्या फुलावर नराच्या फुलाचे पराग हातानं लावायचे. ते काम बायका करतात. माझं काम म्हणजे दिवसभर फिरून प्लॉट बघायचे आणि संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येक प्लॉटचा फोटो कंपनीच्या साइटवर चढवायचा. फुलांची मला कधीच भीती वाटली नाही, फोनची वाटायची. पहिल्याच दिवशी लाल अक्षरं आली, फाईल मोठी आहे. कंपनी दोनशे केबीच्या वर काही घेईना आणि कंपनीनंच मला दिलेला फोन पाच-पाच एमबीचे फोटो काढी. फोटो नाही म्हणजे प्लॉट पाहिलाच नाही, असा नियम. मला कामावर पक्कं केलेलं नव्हतं, आणि मी तर आईला मोठ्या तोंडानं सांगून आलो होतो की आता मी साहेब झालो. परत कुठल्या तोंडानं जाणार? ओट्यावर फोन धरून बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं.

"काय बे, काऊन रडून राह्यला?"

"रडत नाही मामा. फोटो जात नाही."

त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि कपाळाला हात लावला. "बापा! हा फोटू हाय का उसाची ट्रॉली? त्या टावरनं उचलावं कसं?" मग मला आत नेऊन त्यांनी केबल जोडली. आधी सगळे फोटो एका फोल्डरमध्ये जसेच्या तसे ठेवले. "याले हात लावाचा नाही. कापाची ते नक्कल." मग नकलेची रुंदी कमी केली, मग क्वालिटीचा आकडा खाली ओढला, आणि दर वेळी किती केबी झाले ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकशे ब्याण्णव आल्यावर, ट्रक रस्त्याला लावल्यासारखा हात हलवला आणि म्हणाले, "जाऊ दे!" तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती.

नुसतं लहान करून त्यांचं समाधान होत नसे. भार कमी करायचा तर फालतू माल आधी उतरवला पाहिजे, हे त्यांचं शास्त्र. सगळ्यात फालतू माल म्हणजे आभाळ. कोणाचाही फोटो आला की पहिली कात्री आभाळावर चालायची. "आभाळ कायले पाठवता? तिकडं आभाळ नाही का?" मग कोणाच्या नव्या गाडीच्या मागची भिंत जायची, माणसांचे पाय जायचे. दुसरबीडच्या एका लग्नाचा फोटो असाच त्यांच्या हाती लागला. कापून झाल्यावर नवऱ्याकडचे लोक ओट्यावर येऊन उभे राहिले, कारण नवऱ्याचे सख्खे काका फोटोतून गायब होते. मामा जागचे हलले नाहीत. "त्याचे डोये मिटले व्हते. झोपलेल्या माणसाचं वजन कायले वाहाचं?" काका स्वतःच तिथं हजर होते आणि चांगले जागे होते. त्या दिवशी घरमालकीणबाईंनी चहा करून मिटवलं. "भाऊ, आता माणसं तरी कापू नका," एवढंच त्या बोलल्या.

मामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सगळ्या गल्लीचे फोटो त्यांच्या हातून जायचे, पण त्यांच्या स्वतःच्या फोनवर कोणाचा फोटो आलेला मी पाहिला नाही. माझं तरी काय, संध्याकाळी खोलीवर आलो की बोलायला भिंतीच होत्या. इथल्या लोकांनी मला काही कमी केलं नाही, पण त्यांच्या बोलण्यावर मी नेहमी जरा उशिरा हसायचो, आणि तोवर विषय पुढं गेलेला असायचा. आईचा फोन यायचा. "जेवलंस काय रे?" मी म्हणायचो, जेवलो. एवढ्यातच आमचं बोलणं संपायचं. मामांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जाई. एकदा ते म्हणाले, "नुसतं काय सांगतो? दाखव तिले." म्हणून मी खोलीत उभा राहून फोटो काढून घेतला. गावाकडं रेंज नाहीच म्हटलं तरी चालेल, तेव्हा फोटो साठ केबीचा करायचं ठरलं. मामा स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्यामागं दोरीवर दोनच शर्ट होते, कोपऱ्यात चटई गुंडाळलेली, आणि बाकी खोली उघडी. त्यांनी कात्री चालवली ती थेट माझ्या खांद्यापर्यंत. उरला फक्त माझा चेहरा.

"एवढं कशाला कापलं मामा? साठच्या आतच होता की."

"टावरनं उचललं असतं बे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माय उचलते का पाहा लागते ना."

दोन महिने असे बरे गेले, आणि मग चूक झाली. कंपनीनं नवीन नियम काढला की फोटोखाली तारीख, वेळ आणि जागेची पट्टी हवी. सोबतच्या एकानं माझ्या फोनमध्ये ती बसवून दिली. मामांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आपोआप येते म्हणजे आपोआप जाईल असं वाटलं. मामांनी फोटोखाली काळी पट्टी आणि बारीक अक्षरं पाहिली आणि फुकटची जाहिरात घुसली असं समजून रोज मनोभावे कापून टाकली. नवव्या दिवशी जालन्याच्या ऑफिसातून फोन आला. जुनेच फोटो फिरवता का? प्लॉटवर जाता की घरी झोपता? सोमवारी या आणि कंपनीचा फोन जमा करा.

मी मामांना सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला. घरमालकीणबाईंनी भाकरी-पिठलं आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. रविवारभर त्यांचं दार लावलेलं होतं. नोकरी तर गेलीच, वर मामाही आपल्यामुळं दुखावले, असं धरून मी बॅग भरायला घेतली.

सोमवारी सकाळी स्टँडवर मामा आधीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात लिंबू. बस लागायची म्हणून ते वर्षानुवर्षं गावाबाहेर गेले नव्हते. जालन्यापर्यंत डोळे मिटून लिंबू हुंगत बसले. ऑफिसातले साहेब माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मामांनी रुमालाची गाठ सोडून पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, हे उघडा. याच्यात सगळे मूळ फोटू हायेत, पट्टीसकट. पोरगं रोज उन्हात जाते. कात्री माही व्हती."

"मग हे असेच का नाही पाठवले?"

"तुमचाच डबा लहान हाय, साहेब. जे टावरले झेपलं नाही, ते म्या खिशात आणलं."

साहेबांनी फोटो एकेक उघडले. प्रत्येकाखाली तारीख होती, वेळ होती, गाव होतं. एका ठिकाणी ते थांबले आणि फोटो मोठा केला, तर मिरचीच्या फुलावर चिकटलेले परागही दिसत होते. मग शिपायाला म्हणाले, "दोन खुर्च्या आण." पुढच्याच महिन्यात मला पक्कं केलं.

परतीच्या बसमध्ये मामांना लिंबाची आठवणही झाली नाही. खिडकीतून बघत बसले होते. मध्येच म्हणाले, "तुह्या गावाले समुद्र हाय म्हणे. फोटूत मावते का?"

"नाही मावत, मामा."

"लहान केल्यावर बी?"

"लहान केला तर समुद्र वाटत नाही."

यावर त्यांनी मान हलवली. एखादी गोष्ट लहान करता येत नाही, हे त्यांनी कबूल केलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता माझ्याकडं मेहकरकडचे प्लॉट आहेत आणि मी जानेफळला खोली घेतली आहे. फोटो माझे मीच लहान करतो, पट्टीही सांभाळतो. इथं भिंतीपलीकडं कोणी नाही. रविवारी मामांना फोन लावतो. ते विचारतात, "किती केबी?" मी आकडा सांगतो, मग ते म्हणतात, "जाऊ दे!" त्यांनी माझ्यासाठी लिंबू हुंगत जालना गाठलं, तेवढं मोठं काम माझ्या हातून कधी होईल ठाऊक नाही. पण एक दिवस, बस लागो की न लागो, मी त्यांना माझ्या गावाला नेणार आहे. आईच्या हातचं जेवू घालीन आणि किनाऱ्यावर नेऊन उभं करीन. त्यांनी म्हटलं तर घटकाभर, म्हटलं तर दिवसभर.