मामाचा निनावी प्रवासी

माझा मामा टपालात होता. अर्धवट पत्त्याची पत्रं ज्या टेबलावर येऊन पडतात, त्या टेबलावर त्यानं हयात काढली. ‘नदीपलीकडे, पिवळं घर’ एवढ्यावर तो माणूस हुडकून काढायचा. स्वतःसाठी बायको तेवढी याला सापडली नाही, असं माझी आई म्हणायची आणि मामा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. आई गेल्यावर त्याची थट्टा करणारं कोणी उरलं नाही. मी आपली आठवण झाली की डोकावायचे, आणि आठवण फार वेळा होत नसे.

निवृत्तीनंतर त्याला एका पुस्तकानं झपाटलं. आमच्याच भागातल्या डोंगरदऱ्यांचं जुनं प्रवासवर्णन. लेखकाचं नाव नाही, नुसतं ‘एक प्रवासी’. वाटा, घाट, ढग, मुक्कामाच्या खोल्या. त्यात कोणी कोणाशी अवाक्षर बोलत नाही.

“हा आपल्यातला आहे,” मामा म्हणायचा. “एकट्यानं हिंडला, एकट्यानं लिहिलं. नाव घालून दाखवायचं कोणाला?”

मला त्या लेखकाचा वैताग यायचा. प्रत्येक मुक्कामी हा बाबा दाराची कडी कुठे आहे ते नोंदवतो! ‘कडी उंच.’ ‘कडी खाली, छान.’

“चोरबीर होता की काय?” मी विचारायचे. मामाच्या नाकाला मिरची झोंबायची.

प्रवास ज्या गावातून सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे मामानं खेटे घातले. पुस्तक लिहिणारं कोणी इथे राहत होतं का, असं ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांनी हात वर केले.

मग मामाचे कान गेले. यंत्र लावायला तयार नाही, हट्टी कुठला! एका दुपारी मी गेले तर मांडीवर पुस्तक उघडं.

“अगं, यात धबधबा आहे, पण त्याचा आवाज नाही,” तो म्हणाला. “पाखरं उडतात, ओरडत नाहीत. हा माणूस बहिरा होता!”

आम्ही दोघं पुन्हा त्या गावी गेलो. या खेपेला मामानं लेखकाचं नावच काढलं नाही. जुन्या काळी इथे कोणी बहिरा फिरस्ता होता का, एवढंच विचारलं. न्हावी हातातला वस्तराही न थांबवता म्हणाला, “दवाखान्यातले बहिरे कंपाउंडर! त्यांची मुलगी आहे की, शाळेमागे.”

मुलगी आता म्हातारी झाली होती. कपाटातून तिनं तेच पुस्तक काढलं. बाबांनी नाव का घातलं नाही, असं मामानं विचारल्यावर ती हसली. “नावाचं ते काय करणार? हाक मारली तरी ऐकू यायची नाही.”

मी ते मामाच्या कानाशी ओरडून सांगितलं. मग न राहवून कड्यांचं विचारलं.

“आई लवकर गेली,” ती म्हणाली. “दार वाजलेलं बाबांना कळायचं नाही, म्हणून मी उघडायची. माझा हात पोचेना, तर त्यांनी कडी खाली बसवून घेतली. फिरायला निघाले की मला मावशीकडे ठेवायचे. म्हणायचे, कुठे तुझा हात पोचतो ते बघून येतो, मग तुला नेतो.”

“नेलं?”

“नेलं ना. सगळीकडे.”

हेही मी ओरडून सांगितलं. इतक्या वर्षांनी शोध लागला होता आणि मामा घरातलं माणूस गेल्यासारखा बसून होता. परतीच्या गाडीत एकदाच बोलला. “त्याची वाट बघणारं कोणीतरी होतं गं. मला वाटायचं, माझ्यासारखाच.”

आम्ही त्याच्या खोलीशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामानं कुलूप काढलं आणि दाराकडे तोंड ठेवूनच विचारलं, “पुढच्या रविवारी येशील?”

आजवर त्यानं कधी ये म्हटलं नव्हतं. मला भडभडून आलं.

“येईन मामा. दर रविवारी येईन,” मी हळूच म्हटलं, त्याच्या पाठीला.

तो जरा थांबला. मग “बरं, असू दे,” म्हणाला, आत गेला आणि त्यानं कडी लावून घेतली.

मी दार वाजवलं. हाका मारल्या. शेवटी दोन्ही हातांनी थापा मारल्या, तशी शेजारीण बाहेर आली.

“त्यांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “आणि कोणी येतच नाही, त्यामुळे ते दाराकडे बघतही नाहीत.”

संध्याकाळी दूध आणायला तरी तो दार उघडेल, म्हणून मी पायरीवर बसून राहिले.