आबांच्या डांगराला कूलर

या उन्हाळ्यात आमच्या घरातला एकुलता एक कूलर डांगराला देण्यात आला. (डांगर म्हणजे लाल भोपळा. पाहुणा नव्हे.)

सासूबाई दिवाळीत गेल्या आणि आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खाट धरली. भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, उठायची इच्छा नाही. मग कुणीतरी त्यांना फोनवर परदेशातली माणसाएवढी डांगरं दाखवली. तळोद्याच्या कृषी प्रदर्शनात सर्वांत मोठ्या भाजीला बक्षीस होतंच. आबा उठून बसले. "आपुन बी करूत," म्हणाले. कितीतरी दिवसांनी एक आख्खं वाक्य! त्यांना नाही कोण म्हणणार?

परसात वेल लागला. एकच फळ ठेवलं, बाकीची खुडली. मे महिन्यात ऊन पेटलं, तशी आधी माझी सुती साडी सावलीला गेली, मग ओली पोती आणि मग...

"अहो, कूलर कुठाय?"

"डांगरले दिधा," हे म्हणाले. "गरमीनी मरी जाई ते."

"आणि आपण?"

"आपले सवय शे!"

आम्ही गच्चीवर भाजत होतो. पण आबा पहाटे उठत होते, भाकरी मागून खात होते. म्हणून मी गप्प बसले. (हे मला जमत नाही, गल्लीत विचारा.)

प्रदर्शनाच्या दिवशी नवीच पंचाईत. पाइपलाइनसाठी गल्ली खोदलेली, पिकअप चौकातच अडली. मग दोन बांबूंना गोधडी बांधली, तीत डांगर ठेवलं, वरून आबांचं ओलं पांढरं धोतर पांघरलं. चौघांनी खांदा दिला. वाटेत शिंपडायला पाणी हवं, म्हणून आबा मडकं घेऊन पुढे. मागे हे, घामाने डोळे पुसत. मी परसात कूलरचं पाणी उपसत राहिले.

घरातून तिरडी निघाली आणि सून कुठेच दिसत नाही! गल्लीने हिशेब लावला. परसात मला हंबरडा ऐकू आला.

"कालदिन ते मन्हासंगे भांडनी व्हती वं!" ही शेजारची सखूबाई.

"चांगली व्हती बिचारी. तोंडनीच तेवढी फटकळ."

"आते आबाले भाकरी कोन देई?"

गेलं तरी कोण, म्हणून मी तशीच धावले. अंग भिजलेलं, केस सुटलेले, डोक्यावर कूलरचं गवत.

"कोण गेलं हो?"

"भूत वं माय!" सखूबाई किंचाळली. खांदेकऱ्यांनी मागे पाहिलं आणि खांदा सोडला.

डांगर चरात पडून फुटलं. आबा मडकं घेऊन तिथेच खाली बसले. मग बायका पुन्हा रडू लागल्या. या खेपेला डोळ्यांत खरं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आबांचं तोंड पुन्हा भिंतीकडे. चहा तसाच निवला. आता आबा काही उठत नाहीत, असं मला वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. अक्कलकुव्याचे मामा विचारत होते, दहावं कधी? माझं! "मामा, मीच बोलतेय," म्हटलं, तर त्यांनी घाबरून फोन ठेवला. पुढच्या पाहुण्यांनीही तेच केलं. शेवटी आबा कण्हत उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि खुर्चीत बसले.

तेव्हापासून रोज सकाळी तिथेच बसतात. येईल त्याला सांगतात, "नही, सूनबाई बरी शे. डांगर गयं."

पलीकडून मोठ्ठं "अरेरे!" ऐकू येतं. ते दोन्हींतल्या कोणत्या बातमीसाठी, हे मी विचारत नाही.